इटलीच्या आरमारी छापा-पथकांचा उगम आणि त्यांचा वारसा

१

आधुनिक राष्ट्रांच्या लष्करांत विशेष दलांना आज जे स्थान आहे, त्याचा इतिहास लिहिताना बहुधा इंग्लंडपासून आरंभ केला जातो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी उभारलेली कमांडो पथके हा त्या इतिहासाचा पहिला अध्याय मानण्याची प्रथा आहे. परंतु समुद्रमार्गे शत्रूच्या बंदरात शिरून, मूठभर माणसांच्या बळावर प्रचंड युद्धनौका निकामी करण्याच्या कलेपुरते बोलावयाचे, तर तिचे आद्यस्थान इंग्लंडकडे नव्हे, इटलीकडे जाते. ब्रिटिशांनी स्वतः १९४२ मध्ये आपली स्वारीची पाणतीरे तयार केली, ती इटालियन साधने हाती लागल्यानंतर व त्यांचे अनुकरण करून, ही गोष्ट यापेक्षा वेगळे काही सांगत नाही.

तथापि ह्या इतिहासात केवळ अग्रमान कोणाचा एवढाच प्रश्न नाही. ज्या पथकाने १९४१ मध्ये जगाला चकित केले, त्याच पथकाच्या नावाखाली १९४३ नंतर इटलीच्याच खेड्यापाड्यांत देशबांधवांविरुद्ध शस्त्र चालविले गेले. मग आजच्या इटालियन आरमाराने ज्या परंपरेवर हक्क सांगितला आहे, ती नेमकी कोणती? एखादे लष्करी दल आपल्या भूतकाळातून काय उचलते आणि काय टाकून देते? ह्या प्रश्नाचे उत्तर पराक्रमाच्या वर्णनांतून मिळत नाही. ते घटनांच्या क्रमातून, आणि काही अंशी त्या दलांनी धारण केलेल्या व सोडलेल्या नावांतून शोधावे लागते.

२

पहिल्या महायुद्धात, मे १९१५ मध्ये, इटली ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध उतरला, तेव्हा एड्रियाटिक समुद्रातील परिस्थिती विलक्षण होती. ह्या अरुंद समुद्राचा पश्चिम किनारा सखल व उघडा, तर पूर्व किनारा बेटांनी व खोल खाड्यांनी भरलेला. ऑस्ट्रियाचे आरमार पोला येथील भक्कम बंदरात सुरक्षित बसून राही; ते बाहेर पडत नसे, म्हणून मोठ्या नौकांची लढाई होत नसे. पण ते तेथे आहे, एवढ्यानेच इटालियन आरमाराचा मोठा भाग अडकून पडे. शत्रू बाहेर येत नसेल तर आपणच आत गेले पाहिजे, आणि मोठी नौका आत जाऊ शकत नसेल तर लहानात लहान साधनाने गेले पाहिजे, हा विचार ह्या कोंडीतून जन्माला आला. तो धाडसाच्या हौसेतून जन्मला नव्हता, हे लक्षात ठेवावयास हवे.

ह्या विचाराचे पहिले साधन म्हणजे 'मास' ह्या नावाने ओळखली जाणारी वेगवान मोटरनौका. व्हेनिसमधील ज्या कारखान्यात ती प्रथम बांधली गेली, त्याच्या नावाची आद्याक्षरे ह्या तीन अक्षरी नावात मूळची सामावलेली होती. पुढे तिचा अर्थ 'पाणतीर डागणारी सशस्त्र मोटरनौका' असा लावण्यात आला. कवी गाब्रिएले द'अन्नुन्त्सिओ ह्याने तर त्याच तीन अक्षरांतून सदैव साहस करण्याचे स्मरण ठेवावे, अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य निर्माण केले. कारखान्याचे नाव, नौकेचे वर्णन आणि शेवटी बोधवाक्य असा एकाच संक्षेपाचा प्रवास अवघ्या काही वर्षांत झाला. साधनाचे प्रतीकात रूपांतर होण्याची जी प्रक्रिया पुढे ह्या सर्व इतिहासात दिसते, तिचा हा पहिला नमुना होय.

ह्या नौकांनी मिळविलेले यश लहान नव्हते. डिसेंबर १९१७ मध्ये लुइजी रित्सो ह्याने त्रिएस्तच्या बंदरात 'वीन' ही जुनी युद्धनौका बुडविली. आणि १० जून १९१८ रोजी प्रेमुदा बेटानजीक त्यानेच 'सेंट इश्त्वान' ह्या आधुनिक महानौकेला जलसमाधी दिली. त्याच सुमारास भूमीवरही समांतर घडामोड चालू होती. १९१७ च्या उन्हाळ्यात इटालियन सैन्याने 'आर्दिती' ह्या नावाची हल्ला-पथके स्थापन केली. खंदकांच्या युद्धात अडकलेली आघाडी फोडण्यासाठी निवडक माणसांना खंजीर व हातबाँब देऊन पुढे पाठवावयाचे, ही त्यांची रीत. 'आर्दितो' ह्या शब्दाचा अर्थ 'धाडसी'. म्हणजे हे नाव त्या सैनिकाचे काम सांगत नाही, त्याचा स्वभाव सांगते. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

३

जलमार्गावरील खरी क्रांती मात्र मोटरनौकेने नव्हे, तर पाण्याखालून जाणाऱ्या माणसाने घडविली. राफाएले रोस्सेत्ती हा आरमारातील अभियंता. निकामी झालेल्या एका जर्मन पाणतीराच्या आधारे त्याने एक साधन तयार केले. दाबलेल्या हवेवर चालणारे हे यंत्र ताशी सुमारे दोन सागरी मैलांच्या मंद गतीने जाई. त्याच्या पुढच्या बाजूस प्रत्येकी सुमारे १७० किलोग्रॅम स्फोटकाचे, सुटे होणारे दोन सुरुंग बसविलेले होते. त्याला 'मिन्यात्ता', म्हणजे 'जळू', असे नाव पडले; कारण ते सुरुंग नौकेच्या तळाला जळवेप्रमाणे चिकटवावयाचे होते. राफाएले पाओलुच्ची हा आरमारातील वैद्य. एकट्याने पोहत जाऊन शत्रूची नौका उडवावी, अशी कल्पना घेऊन तो दीर्घ पोहण्याचा सराव करीत होता. वरिष्ठांनी ह्या दोघांना एकत्र आणले.

३१ ऑक्टोबर १९१८ च्या रात्री हे दोघे पोलाच्या बंदराकडे निघाले. श्वसनयंत्रे त्यांच्यापाशी नव्हती. डोकी पाण्याबाहेर ठेवून, अडथळ्यांमागून अडथळे ओलांडीत त्यांनी अनेक तास काढले. पहाटे 'विरिबुस उनितिस' ह्या महानौकेच्या तळाला त्यांनी सुरुंग लावला आणि त्यानंतर ते पकडले गेले. नौकेवर नेल्यानंतर त्यांना जे कळले ते अनपेक्षित होते. ऑस्ट्रियाच्या सम्राटाने आदल्याच दिवशी आपले आरमार दक्षिण स्लाव्ह लोकांच्या नव्या राष्ट्रीय परिषदेच्या स्वाधीन केले होते. ज्या शत्रूविरुद्ध ते निघाले होते, त्याचा ध्वज त्या नौकेवर उरला नव्हता.

त्यांनी नौकेचा अधिपती यांको वुकोविच ह्याला धोक्याची सूचना दिली; सुरुंग कोठे आहे हे मात्र सांगितले नाही. नौका रिकामी करण्याचा हुकूम झाला. ठरलेल्या वेळी स्फोट झाला नाही, तेव्हा काही खलाशी परतू लागले. आणि पावणेसातच्या सुमारास स्फोट झाला. वुकोविचसह सुमारे ३०० माणसे मृत्युमुखी पडली. तीन दिवसांनंतर इटली व ऑस्ट्रिया ह्यांच्यातील युद्धविराम अमलात आला.

ह्या दोघांचे पुढील आयुष्य विचार करावयास लावणारे आहे. रोस्सेत्ती फॅसिस्ट सत्तेचा विरोधक झाला आणि परदेशी वनवासात गेला; त्याचे सुवर्णपदकही त्या सत्तेने काढून घेतले. पाओलुच्ची मात्र फॅसिस्ट काळात संसदेचा सभासद राहिला. आर्दितींचीही अशीच फाटाफूट झाली. काही जण द'अन्नुन्त्सिओबरोबर १९१९ मध्ये फ्यूमे शहर बळकावण्यास गेले, पुष्कळ जण मुसोलिनीच्या टोळ्यांत शिरले. तर १९२१ मध्ये त्यांच्यातूनच 'जनतेचे आर्दिती' हे फॅसिस्टविरोधी दलही उभे राहिले. एकाच पराक्रमातून एकच राजकारण निघते, असा सिद्धान्त मांडणाऱ्याला हा इतिहास आधार देत नाही.

४

शांततेच्या काळात 'जळू' विस्मृतीत गेली. तिचे पुनरुज्जीवन पुन्हा एका कोंडीनेच केले. १९३५ मध्ये अबिसिनियावरील स्वारीमुळे इटली व ब्रिटन ह्यांच्यात युद्धाचा संभव निर्माण झाला. ब्रिटिश आरमाराशी समोरासमोर झुंज देण्याचे सामर्थ्य इटलीपाशी नव्हते. ह्या वेळी तेसेओ तेसेई व एलिओस तोस्की ह्या दोघा तरुण आरमारी अभियंत्यांनी, दोन माणसांनी वर बसून पाण्याखालून चालवावयाच्या मंदगती पाणतीराचा आराखडा सादर केला. विजेच्या घटांवर चालणारे हे यंत्र सुमारे सात मीटर लांब होते. त्याचे स्फोटक अग्र सुटे करून नौकेच्या तळाला टांगता येई. स्वारांना प्राणवायूचे श्वसनयंत्र असल्यामुळे पाण्यावर बुडबुडे उमटत नसत. १९१८ च्या साधनातील मुख्य उणीव, म्हणजे डोके पाण्याबाहेर ठेवण्याची सक्ती, येथे दूर झाली. कागदोपत्री त्याचे नाव 'मंदगती पाणतीर' असे होते. ते चालविणाऱ्यांनी मात्र त्याच्या हट्टी व बेभरवशाच्या वागणुकीमुळे त्याला 'मायाले', म्हणजे 'डुक्कर', म्हटले. आणि तेच नाव टिकले.

अबिसिनियाचा संबंध येथेच संपत नाही. ही यंत्रे वाहून नेणाऱ्या पाणबुड्यांपैकी 'गोंदार' आणि 'शिरे' ही नावे त्याच देशातील स्थळांची आहेत. नव्याने जिंकलेल्या भूमीची नावे नौकांना देण्याचा तो काळ होता. जे साधन दुर्बलाचे शस्त्र म्हणून वाखाणले जाते, ते आक्रमणाच्या छायेतच घडले, हे ह्या नावांवरून विसरता येत नाही.

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरला आणि आरंभीचे प्रयत्न जवळजवळ सर्व फसले. ऑगस्टमध्ये 'इरिदे' ही पाणबुडी बोंबाच्या आखातात ब्रिटिश विमानांनी बुडविली. सप्टेंबरअखेर 'गोंदार' नष्ट झाली. तीवरील तोस्की कैद झाला आणि पुढे हिंदुस्थानात, हिमालयाच्या पायथ्याशी योल येथील युद्धकैद्यांच्या छावणीत पोचला. मार्च १९४१ मध्ये ह्या सर्व गुप्त पथकांना 'देचिमा मास', म्हणजे 'दहावा मास ताफा', असे नाव मिळाले. हे नाव बाह्यतः एका साध्या मोटरनौकांच्या ताफ्याचे असल्याने गुप्ततेस सोयीचे होते. आणि त्यातील दहाच्या अंकात ज्यूलियस सीझरच्या विश्वासू दहाव्या लीजनचे स्मरणही होते. त्याच महिन्यात क्रीटच्या सूदा उपसागरात सहा स्फोटक नौकांनी 'यॉर्क' ही ब्रिटिश क्रूझर निकामी केली. परंतु २६ जुलै १९४१ रोजी माल्टावरील हल्ला पूर्णपणे फसला. तेथे तेसेई आणि ताफ्याचा अधिपती व्हित्तोरिओ मोक्कागात्ता हे दोघेही मारले गेले.

५

अलेक्झांड्रियाचा छापा ह्या इतिहासाचा मध्यबिंदू होय. १८ डिसेंबर १९४१ च्या रात्री युनिओ व्हालेरिओ बोर्गेसे ह्याच्या अधिपत्याखालील 'शिरे' पाणबुडीने तीन यंत्रे व सहा माणसे बंदराबाहेर सोडली. ब्रिटिश विनाशिकांना आत घेण्यासाठी बंदराचे जाळे उघडले, त्याच संधीचा लाभ घेऊन ती आत शिरली. अंतोनिओ मार्चेल्या व स्पार्ताको स्केर्गात ह्यांनी 'क्वीन एलिझाबेथ' ह्या महानौकेखाली स्फोटक टांगले. विन्चेन्त्सो मार्तेल्लोत्ता व मारिओ मारिनो ह्यांच्या वाट्याला तेलवाहू जहाज आले. त्या स्फोटात शेजारील एका विनाशिकेसही इजा झाली. 'व्हॅलियंट' ह्या दुसऱ्या महानौकेकडे गेलेल्या लुइजी दुरांद दे ला पेन्ने ह्याचे यंत्र तळाशी बंद पडले व त्याचा सोबती एमिलिओ बियांकी दिसेनासा झाला. दे ला पेन्ने ह्याने ते जड यंत्र एकट्याने चिखलातून ओढीत नौकेखाली नेले.

पाण्यावर आल्यावर दोघेही पकडले गेले. स्फोटक कोठे ठेवले ते त्यांनी सांगितले नाही. म्हणून नौकेचा अधिपती चार्ल्स मॉर्गन ह्याने त्यांना नौकेच्याच पोटातील एका कोठडीत ठेवले. स्फोटाला थोडा अवधी उरला असता दे ला पेन्ने ह्याने मॉर्गनला नौका बुडणार असल्याचे कळविले. खलाशांना बाहेर काढता यावे हा त्याचा हेतू होता. दोन्ही महानौकांचे तळ फाटले व त्या बंदराच्या उथळ तळावर बसल्या. छाप्यात भाग घेतलेल्या सहांपैकी एकही मेला नाही. सहाही जण कैद झाले.

पोला व अलेक्झांड्रिया ह्या दोन प्रसंगांतील साम्य उघड आहे. दोन्ही ठिकाणी पकडले गेलेले स्वार लक्ष्य असलेल्या नौकेवरच नेले गेले, दोन्ही ठिकाणी त्यांनी नौका वाचू दिली नाही आणि दोन्ही ठिकाणी माणसे वाचविण्याचा यत्न केला. शत्रूचे साधन नष्ट करणे व शत्रूची माणसे मारणे ह्यांत त्यांनी भेद केला. ह्या भेदाचे मूल्य पुढील घटनांच्या पार्श्वभूमीवर अधिक जाणवते.

छाप्याच्या लष्करी फलाविषयी मात्र संयमाने बोलले पाहिजे. 'आर्क रॉयल' व 'बारहॅम' ह्या नौका नोव्हेंबरमध्येच गमावल्या असल्याने पूर्व भूमध्य समुद्रात ब्रिटिशांपाशी काही काळ एकही कार्यक्षम महानौका उरली नाही. चर्चिलला एप्रिल १९४२ मध्ये संसदेच्या गुप्त बैठकीत ही हानी मान्य करावी लागली. तरीही इटलीने ह्या संधीचा पुरेसा उपयोग केला नाही. नौका उथळ पाण्यात सरळ बसल्या असल्याने त्या शाबूत असल्याचा देखावा ब्रिटिशांनी टिकविला, आणि इटालियन आरमाराला तेलाची तीव्र टंचाईही होती. छापा संधी निर्माण करू शकतो. ती साधण्यासाठी मागे पूर्ण आरमार, पूर्ण राज्ययंत्रणा असावी लागते. इटलीत ती नव्हती.

पुढील दोन वर्षांत जिब्राल्टरवर अनेक हल्ले झाले. त्यांपैकी काहींचा तळ स्पेनमधील आल्हेसिरास बंदरात नांगरलेल्या 'ओल्तेर्रा' ह्या जहाजाच्या पोटात लपविलेला होता. किंमतही द्यावी लागली: 'शिरे' पाणबुडी १० ऑगस्ट १९४२ रोजी हैफानजीक सर्व माणसांसह बुडाली. त्या वेळी बोर्गेसे तिच्यावर नव्हता.

६

८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीने दोस्त राष्ट्रांशी युद्धविराम जाहीर केला. राजा व सरकार रोम सोडून दक्षिणेस गेले. सैन्याला स्पष्ट आदेश मिळाले नाहीत. त्या वेळी देचिमा मासचा अधिपती असलेला बोर्गेसे ला स्पेत्सिया येथेच राहिला आणि १४ सप्टेंबर रोजी, मुसोलिनीचे नवे सरकार स्थापन होण्यापूर्वीच, त्याने जर्मन आरमाराशी स्वतंत्र करार केला. इटालियन ध्वजाखाली पण जर्मनांच्या बाजूने लढण्याचा हा करार होता. 'देचिमा' हे नाव आता हजारो स्वयंसेवकांच्या एका भूदलाला लागले. त्यातील काही तुकड्या आघाडीवर लढल्या. परंतु दलाचा मोठा भाग उत्तर इटलीतील प्रतिकार चळवळीविरुद्ध वापरला गेला, आणि छळ, देहदंड व नागरिकांवरील सूड ह्यांचा डाग त्या नावास लागला.

दुसरी बाजू दक्षिणेत होती. बोर्गेसेपूर्वी ताफ्याचा अधिपती असलेला एर्नेस्तो फोर्त्सा ह्याच्या नेतृत्वाखाली 'मारिआस्साल्तो' हे पथक राजाच्या आरमारात उभे राहिले. कैदेतून परतलेला दे ला पेन्ने त्यात सामील झाला. जून १९४४ मध्ये ब्रिटिश व इटालियन पाणबुड्यांनी एकत्र येऊन ला स्पेत्सियाच्या बंदरात जर्मनांच्या ताब्यात गेलेली 'बोल्त्सानो' ही इटालियन क्रूझर बुडविली. ज्या बंदरात ही विद्या जन्मली, त्याच बंदरावर तिचा प्रयोग करण्याची वेळ आली. मार्च १९४५ मध्ये तारान्तो येथे दे ला पेन्ने ह्याला सुवर्णपदक देण्याचा समारंभ झाला, तेव्हा ते त्याच्या छातीवर लावण्याचा मान युवराज उंबेर्तोने तेथे उपस्थित असलेल्या मॉर्गनला दिला.

बोर्गेसेला १९४९ मध्ये शत्रूशी सहकार्य केल्याबद्दल शिक्षा झाली. परंतु मिळालेल्या सवलतींमुळे तो लगेच सुटला. डिसेंबर १९७० मध्ये त्याने प्रजासत्ताक उलथून टाकण्याचा फसलेला कट केला व स्पेनला पळ काढला. १९७४ मध्ये कादिझ येथे तो मरण पावला.

७

१० फेब्रुवारी १९४७ च्या शांतता-तहाने इटलीला पाणबुड्या, पाणतीर-नौका आणि हल्ल्याची खास जलसाधने बांधण्यास, बाळगण्यास व त्यांचे प्रयोग करण्यासही मनाई केली. जेत्यांनी एवढ्या लहान साधनांची नोंद तहात घ्यावी, हीच त्यांच्या परिणामाची पावती होय. मधल्या काळात ही विद्या सुरुंग काढणे व बुडालेल्या नौकांपासून बंदरे मोकळी करणे ह्या कामांतून जिवंत राहिली. इटली १९४९ मध्ये नाटो करारात सामील झाल्यावर निर्बंध सैल झाले, आणि १९५२ मध्ये ला स्पेत्सियानजीक व्हारिन्यानो येथे आरमाराचे नवे छापा-पथक उघडपणे स्थापन झाले. त्याच्या नावात 'आर्दिती' व 'इन्कुर्सोरी' असे दोन्ही शब्द होते. १९६० च्या सुमारास ह्या दलाला पाणबुडे व छापेकारांचा संयुक्त विभाग, संक्षेपाने 'कोमसुबिन', असे रूप आले. त्यातून 'आर्दिती' हा शब्द गळाला, 'इन्कुर्सोरी' उरला. पहिला शब्द वृत्तीचा वाचक, दुसरा कृतीचा: 'आत शिरणारा'. ज्या शब्दाभोवती १९१९ पासून राजकीय धग साचली होती तो मागे पडून कामापुरते बोलणारा शब्द पुढे आला, ही घटना निव्वळ योगायोगाची म्हणता येणार नाही.

दलाला दिलेले व्यक्तिनामही असेच बोलके आहे. हा विभाग तेसेओ तेसेई ह्याचे नाव धारण करतो. तेसेई १९४१ मध्ये मेला. म्हणजे १९४३ च्या निवडीच्या प्रसंगातून त्याला जावे लागले नाही. ज्या नावावर दोन्ही बाजूंचे जुने सहकारी एकत्र येऊ शकत, असे ते नाव होते. भूदलानेही हाच मार्ग स्वीकारला. १९५० नंतरच्या दशकात उभारलेल्या हवाई छत्रीधारी छापा-पथकाला १९७५ मध्ये 'कोल मोस्किन' हे नाव मिळाले. १९१८ च्या जूनमध्ये आर्दितींनी जिंकलेल्या शिखराचे ते नाव आहे. त्यांच्या पुढील राजकारणाचा त्यात उल्लेख नाही. काराबिनिएरी दलाने १९७८ मध्ये दहशतवादाशी लढण्यासाठी आपले पथक निर्माण केले. हवाई दलाचे छापा-पथक पुढे आले. आणि २००४ मध्ये ह्या सर्वांवर एक संयुक्त अधिपत्य स्थापन झाले.

तथापि वारसा निवडता येतो, तरी तो पूर्णपणे वेगळा काढता येतोच असे नाही. राष्ट्रीय संचलनात आरमाराच्या छापेकारांकडून 'देचिमा'चा घोष झाला, तेव्हा इटलीत वाद उठल्यावाचून राहिला नाही. एका पक्षाच्या मते तो घोष अलेक्झांड्रियाचा; दुसऱ्याच्या मते उत्तर इटलीतील फाशीच्या दोरांचा. दोन्ही अर्थ ऐतिहासिक दृष्ट्या खरे आहेत, म्हणूनच हा वाद केवळ अज्ञानाचा नाही. नाव उच्चारणाऱ्याचा हेतू त्याच्या अर्थाची सीमा ठरवू शकत नाही. ऐकणाऱ्याची स्मृतीही त्यात भर घालते.

सारांश, इटलीची आरमारी छापा-पथके बलाढ्य शत्रूपुढील कोंडीतून आणि दोन-चार कल्पक माणसांच्या खटपटीतून निर्माण झाली. त्यांचे तंत्र कोणत्याही राजवटीचे अपत्य नव्हते. पण कोणत्याही राजवटीच्या हाती ते जाऊ शकत होते, आणि गेलेही. रोस्सेत्ती व पाओलुच्ची, दे ला पेन्ने व बोर्गेसे, हे एकाच यंत्रावर किंवा एकाच पाणबुडीत होते. धैर्य त्या सर्वांपाशी होते. त्यांच्यात अंतर पडले ते, आपले धैर्य कोणाच्या सेवेस लावावयाचे हा प्रश्न समोर आला तेव्हा.